पहाटेचा गडी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या घराच्या गच्चीवरून किल्ला दिसतो. हिवाळ्यात धुकं उतरलं की आधी बाजार दिसेनासा होतो, मग टेकडीचा कडा, आणि शेवटी तटाची वरची रेघ तेवढी उरते. लहानपणी याच गच्चीवर गोधडीत बसवून आजी गंगाजळीची गोष्ट सांगायची. शिंद्यांचा खजिना किल्ल्याच्या पोटातल्या तळघरांत होता, त्याला गंगाजळी म्हणत. तळघराची वाट आणि दाराची खूण, म्हणजे ‘बीजक’, एकट्या महाराजांना ठाऊक. त्यांनी ते फक्त वारसाच्या कानात सांगायचं. १८८६ साली जयाजीराव गेले तेव्हा माधवराव दहा वर्षांचेही नव्हते, आणि बीजक सांगायचं राहून गेलं. पुढे खजिना कसा सापडला, कुणाला सापडला, याच्या ग्वाल्हेरात घरागणिक वेगवेगळ्या कथा आहेत. आजी त्यात फार शिरायची नाही. ती म्हणायची, “एवढं धन, आणि किल्ली एका माणसाच्या जिभेवर!” वर्तमानपत्रात ‘परकीय चलनाची गंगाजळी’ असं वाचलं की मला अजून तिचाच आवाज ऐकू येतो.

मोठी होऊन मीही किल्ल्यांच्याच कामाला लागले. शहरातल्या एका शिक्षणसंस्थेचा संगणक विभाग मी सांभाळते. पूर्वी आमच्याकडे प्रवेश, फी, ग्रंथालय, हजेरी आणि पगार अशा पाच यंत्रणा होत्या. प्रत्येकीचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. बाबूलोकांच्या मॉनिटरच्या कडा पिवळ्या चिठ्ठ्यांनी भरलेल्या असायच्या. २०२१ मध्ये सिंगल साइन-ऑन आलं. सकाळी एकदा ओळख पटवायची, मग पाचही दारं दिवसभर उघडी. ते बसवण्यात मी रात्री जागवल्या आहेत आणि मला त्याचा अभिमान आहे.

फी विभागात एक काका होते. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. जीवाजीगंजातून स्कूटरवर यायचे. माझ्याशी मराठीत बोलता बोलता खिडकीपलीकडच्या मुलाला हिंदीत रांगेत उभं करायचे आणि पुन्हा मराठीत माझं वाक्य जिथं सोडलं तिथून उचलायचे. रोज सकाळी आल्यावर त्यांना फीचं पोर्टल उघडून चौदा अभ्यासक्रमांची आदल्या दिवसाची जमा एकेक करून उतरवावी लागे, ती एका तक्त्यात भरून हिशेब विभागाला पाठवावी लागे. सव्वा तासाचं काम. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. पडद्याला नाक लावून ते आकडे वाचत, चुकले की पहिल्यापासून सुरू करत. मला ते बघवत नव्हतं. मी म्हटलं, “काका, हे काम मशीनला लावते. तुम्ही याल तेव्हा तक्ता तयार.”

माणसाच्या जागी स्क्रिप्टनं, म्हणजे छोट्या प्रोग्रामनं, लॉगिन करायचं ही कल्पना काही नवी नाही. १९९० साली डॉन लाइब्ज यांनी ‘एक्सपेक्ट’ नावाचं साधन केलं. पडद्यावर ‘पासवर्ड’ हा शब्द उमटायची ते वाट बघतं आणि उमटला की माणसासारखं टाइप करतं. पण सिंगल साइन-ऑनच्या दारात नुसतं टाइप करून भागत नाही, हे मला काम हातात घेतल्यावर कळलं. ते सगळं इथं सविस्तर सांगते, कारण या वाटेवर मी दोन रात्री अडकले होते आणि तिथंच मला ही यंत्रणा खरी समजली.

तुम्ही पोर्टलच्या दाराशी जाता. पोर्टल तुम्हाला ओळखत नाही. ते ‘३०२’ असा आकडा आणि एक पत्ता हातात ठेवतं. अर्थ एवढाच की आधी चौकीवर जा. चौकी म्हणजे ओळख पटवणारा सर्व्हर. तिथं नाव-पासवर्ड दिलात की चौकी एक पत्र लिहिते: ही व्यक्ती अमुक, हिची ओळख मी अमुक वेळी पटवली, हे पत्र फक्त त्या पोर्टलसाठी आणि फक्त इतकी मिनिटं चालेल. पत्रावर चौकीची डिजिटल सही असते. आमच्याकडे या पत्रव्यवहाराची रीत सॅमल नावाच्या मानकाची आहे, २००५ साली ठरलेल्या दुसऱ्या आवृत्तीची. यातली मला सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट अशी की चौकी आणि पोर्टल एकमेकांशी थेट बोलतच नाहीत. पत्र नेण्याचं काम तुमचाच ब्राउझर करतो. मराठ्यांच्या दफ्तरात टपाल नेणारे जासूद असत, तसा. जासुदानं वाटेत पत्रात एक अक्षर बदललं तरी ते कळतं, कारण सही जुळत नाही.

सही जुळणं म्हणजे काय ते सांगताना मला मोर्तब आठवतं. जुन्या मराठी पत्रांत मजकूर संपला की लगेच खाली मोर्तबाचा शिक्का असे. शिवाजी महाराजांच्या त्या शिक्क्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं आहेत. इथं मजकुराची मर्यादा संपली, यापुढे कुणी ओळ घुसवली तर ती आमची नव्हे. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातला हा पहारा विसरून गेलो आहोत. सॅमलच्या पत्रावर झालेले काही हल्ले नेमके इथलेच आहेत. सहीचा भाग तसाच ठेवायचा, शेजारी खोटा मजकूर घुसवायचा आणि वाचणाऱ्याला सही एका भागाची तपासायला लावून मजकूर दुसऱ्याच भागातला वाचायला लावायचा. मोर्तब नेमकं कशावर आहे हे न बघणारा कारकून तेव्हाही फसला असता.

आता माझी अडचण. मी पहिली स्क्रिप्ट ‘कर्ल’ वापरून लिहिली, ब्राउझरशिवाय वेबची पानं मागवणारं साधन. कुकी, म्हणजे सर्व्हरनं ओळखीसाठी दिलेली छोटी खूण, साठवायला एक फाइल दिली, ३०२ आला की पुढच्या पत्त्यावर जा असं सांगितलं. लॉगिनच्या पानात एक लपलेला आकडा असतो, दर वेळी नवा. तो उचलून नाव-पासवर्डाबरोबर परत पाठवायचा, तेही जमलं. चौकीनं ओळख मान्य केली. आणि पोर्टलऐवजी माझ्या हातात एक जवळजवळ कोरं पान आलं. त्यात एवढंच लिहिलेलं की पुढे जाण्यासाठी बटण दाबा. ब्राउझरमध्ये हे पान आपल्याला कधी दिसत नाही, कारण त्यातली जावास्क्रिप्ट क्षणात ते बटण स्वतः दाबते. पत्र त्याच पानात एका लपलेल्या रकान्यात असतं. कर्ल जावास्क्रिप्ट चालवत नाही. म्हणजे जासूद पत्र हातात घेऊन चौकीच्या पायरीवर उभाच राहिला होता.

मग ते पत्र मी पानातून काढून स्वतः पोर्टलला पाठवलं. उत्तर आलं: सही अवैध. रात्रीचे दोन वाजले होते. मी पत्र उलगडून पुन्हा पुन्हा वाचलं, सगळं बरोबर. दुसऱ्या रात्री कळलं. पत्र बेस-६४ या लिपीत बांधलेलं असतं आणि त्या लिपीत अधिकचं चिन्ह हे एक अक्षर आहे. पण वेबच्या फॉर्ममध्ये अधिकचं चिन्ह म्हणजे मोकळी जागा. मी पत्र जसंच्या तसं पाठवत होते आणि पलीकडे प्रत्येक अधिक गळून पडत होता. ते चिन्ह टक्के-दोन-बी असं लिहून पाठवायचं असतं. एवढं बदललं आणि पोर्टल उघडलं. आईनं सकाळी उठून विचारलं, “अगं, रात्रभर जागीच?” मी तिला अधिकच्या चिन्हाची सगळी हकिगत सांगितली. तिनं शांतपणे ऐकली आणि चहा टाकला.

घड्याळाचाही एक धडा मिळाला. काही आठवड्यांनी पोर्टल म्हणू लागलं की हे पत्र अजून लागूच झालेलं नाही. पोर्टलचं घड्याळ सात मिनिटं मागे पडलं होतं. चौकीनं आत्ता लिहिलेलं पत्र त्याच्या दृष्टीनं भविष्यातलं होतं. तेव्हापासून सर्व्हरची वेळ जुळवून ठेवणं हे मी देवघरातल्या दिव्यासारखं सांभाळते.

या सगळ्यात पासवर्डाचं काय केलं, ते सांगायचं राहिलं. स्क्रिप्टला आत जायला कुणाचं तरी नाव लागणार. मी काकांना म्हटलं, तुमचा पासवर्ड द्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “बेटा, नोकरीत मी कधी कोऱ्या कागदावर सही केलेली नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही.” मग फीच्या पावतीच्या पाठीवर बारीक अक्षरात पासवर्ड लिहिला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. “तू आहेस म्हणून.”

ती घडी मी घेतली, पासवर्ड स्क्रिप्टशेजारच्या फाइलमध्ये उतरवला, चिठ्ठी फाडून टाकली. काका काय बोलले ते मला ऐकू आलं होतं. पण ते मी विश्वासाचे शब्द म्हणून ऐकले. इशारा म्हणून नाही.

रोज पहाटे पाच चाळीसला स्क्रिप्ट उठायची. काका साडेदहाला यायचे तेव्हा तक्ता तयार असायचा. ते तिला ‘तुझा पहाटेचा गडी’ म्हणू लागले. “काय गं, गडी आला होता का आज?” असं दारातूनच विचारायचे. सव्वा तास वाचला. त्या वेळात ते खिडकीवरच्या मुलांशी नीट बोलायला लागले. हप्ते पाडून घ्यायला अर्ज कसा लिहायचा हे त्यांनी किती पोरांना शिकवलं असेल! दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही त्याच हिवाळ्यात झालं.

पुढच्या वर्षी लॉगिनला दुसरी पायरी सक्तीची झाली. फोनवर दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा अंकी आकडा. हा आकडा जादूनं येत नाही. नोंदणी करताना फोन आणि सर्व्हर दोघांकडे एकच गुप्त बीज ठेवलेलं असतं. १ जानेवारी १९७० पासून तीस-तीस सेकंदांचे किती तुकडे झाले ते मोजायचं आणि त्या मोजणीचा बिजाशी गणिती काला करायचा. दोघांनी केला तर उत्तर एकच येतं. ही रीत २०११ पासून ठरलेली आहे. बीज असेल तर कुठल्याही स्क्रिप्टला चार ओळींत तो आकडा काढता येतो. मी काकांच्या फोनवर नोंदणी करताना ते बीज स्क्रिप्टलाही दिलं. पासवर्ड ज्या फाइलमध्ये होता त्याच फाइलमध्ये, खालच्या ओळीत.

‘तुम्हाला ठाऊक असलेलं’ आणि ‘तुमच्याजवळ असलेलं’ या दोन वेगळ्या गोष्टी म्हणूनच दोन पायऱ्या असतात. मी दोन्ही एका खुंटीला टांगल्या. दरवाजाला दुसरं कुलूप लावायचं आणि त्याची किल्ली पहिल्या किल्लीच्या जुडग्यात ओवायची, तसं. बाहेरून बघणाऱ्याला दोन कुलपं दिसत होती. हे चूक आहे हे मला त्या वेळीही माहीत होतं. काम चाललं होतं म्हणून मी त्याकडे पाठ केली.

मग तो शुक्रवार. यंत्रणेनं काकांना सांगितलं, नव्वद दिवस झाले, पासवर्ड बदला. (अशी ठरावीक मुदतीची सक्ती करू नये, असं अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलं होतं, कारण माणसं वैतागून शेवटचा आकडा तेवढा बदलतात. पण बऱ्याच ठिकाणी ती चालूच आहे.) काकांनी संध्याकाळी घरी जाताना पासवर्ड बदलला. मी भोपाळला मावसबहिणीच्या लग्नाला गेले होते. शनिवारी पहाटे पाच चाळीसला गडी जुना पासवर्ड घेऊन दारात गेला. दारानं हाकललं. मीच त्याला शिकवलं होतं की काम झालं नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा जा, आणि होईपर्यंत जात राहा. नेट कधी कधी तुटतं म्हणून घातलेली ती ओळ. शनिवार दिवसभर, रात्रभर, रविवारी, रविवारच्या रात्री, तो पाच-पाच मिनिटांनी काकांचं नाव घेऊन दार ठोठावत राहिला. सोमवारी सकाळी दहापर्यंत सहाशेहून जास्त वेळा.

सोमवार परीक्षा फॉर्मच्या फीचा शेवटचा दिवस होता. खिडकीपुढची रांग फाटकापर्यंत गेलेली, आणि काकांचं खातं बंद. वर सुरक्षेची यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीचा निरोप कार्यालयात येऊन पडला होता: या खात्यात संस्थेच्याच नेटवर्कवरून रात्री-अपरात्री घुसायचा प्रयत्न चालू आहे. काकांना आत बोलावलं. रात्री दोन वाजता तुमच्या नावानं कोण बसलं होतं? पासवर्ड कुणाला दिलात? काकांनी पहिल्या प्रश्नाला “मी झोपलो होतो” असं सांगितलं. दुसऱ्याला ते गप्प राहिले. लेखी खुलासा मागितला गेला, आणि तोवर खिडकीवर बसू नका असं सांगितलं.

हे मला बुधवारी परतल्यावर कळलं. नोंदींची फाइल उघडायला दोन मिनिटं लागली. ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ, सगळ्यांवर काकांचं नाव. रविवार, ०२:१०. सोमवार, ०२:१५. ०२:२०. माझ्या हाताला घाम फुटला. मी फी विभागात गेले. काका मागच्या टेबलाशी, कपाटाकडे तोंड करून, जुन्या पावत्यांच्या गड्ड्या लावत बसले होते. मी विचारलं, “काका, तुम्ही सांगितलं का नाही की पासवर्ड माझ्याकडे आहे?”

ते म्हणाले, “तुझ्याशी बोलल्याशिवाय तुझं नाव कसं घेऊ?”

मी त्याच दुपारी माझा खुलासा लिहिला. चार पानी. तो मराठीत सुचला आणि हिंदीत लिहिला. मला लेखी ताकीद मिळाली, ती योग्यच होती. काका गुरुवारी खिडकीवर परतले. झालेल्या गोष्टीबद्दल त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. पण महिनाभर त्यांनी “गडी आला होता का” असंही विचारलं नाही.

त्या महिन्यात मी या विषयावर जेवढा विचार केला तेवढा आधीच्या दहा वर्षांत केला नव्हता. सिंगल साइन-ऑनचं लॉगिन स्क्रिप्टनं कसं करावं, असं कुणी विचारलं की आपण लगेच तंत्रात शिरतो: कुकी कुठं ठेवायची, टोकन, म्हणजे तात्पुरता परवाना, कसं उचलायचं, ब्राउझर न दाखवता कसा चालवायचा. मीही अगदी तशीच शिरले. पहिला प्रश्न वेगळा हवा होता. ही स्क्रिप्ट कुणाच्या नावानं आत जाणार, आणि ती जे करील त्याला जबाबदार कोण? पासवर्ड ही ओळख असते असं आपण समजतो. माझ्या मते ती सही आहे. नोंदवहीत काकांचं नाव उमटतं तेव्हा ते काकांनी केलं असं जग धरतं, आणि धरायलाच हवं. नाहीतर नोंदवहीला अर्थ काय? काकांच्या नावानं मी एक माणूस उभा केला होता. त्याला झोप नव्हती, लाज नव्हती, दार बंद दिसल्यावर थांबायची समजही नव्हती. त्याच्या प्रत्येक पावलाची किंमत काकांच्या खात्यावर पडत होती.

दुसऱ्याच्या नावानं आत शिरणं पासवर्डाइतकंच जुनं आहे. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात फर्नांदो कॉर्बातो यांच्या सीटीएसएस या, एकच संगणक अनेकांना वापरू देणाऱ्या, यंत्रणेवर प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड मिळाला. दुसऱ्याच वर्षी ॲलन शेर या संशोधकानं सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल छापून घेतली. त्याला वाट्याला आलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ संगणक हवा होता, एवढंच. हेतू वाईट नव्हता. माझाही नव्हता. त्यानं काही फरक पडत नाही, हे मी आता ठामपणे म्हणते.

आणि दुसऱ्याच्या वतीनं काम करायची सरळ रीत आपल्याकडेही होतीच की! १७८४ मध्ये शाह आलम बादशहानं वकील-इ-मुतलकपद, म्हणजे आपल्या सर्वाधिकारी प्रतिनिधीचं पद, पेशव्यांना दिलं आणि महादजी शिंद्यांना त्यांचे नायब नेमलं. बादशहाच्या वतीनं पेशवे, पेशव्यांच्या वतीनं महादजी. दोन पायऱ्यांची ही साखळी फर्मानात लिहिलेली होती. १७९२ मध्ये महादजी ती फर्मानं आणि मानाची वस्त्रं घेऊन पुण्याला गेले आणि सवाई माधवरावांना ती दरबारात अर्पण केली. दिल्लीचा कारभार महादजींनीच चालवला, पण बादशहाचं सोंग घेऊन नाही. आजही आपण म्हाताऱ्या वडिलांच्या जमिनीचं काम करायला जातो तेव्हा त्यांची सही गिरवत नाही, मुखत्यारपत्र करून नेतो. त्यात लिहिलेलं असतं कुणी, कुणासाठी, कुठलं काम, कधीपर्यंत.

संगणकाच्या जगातही हे फार आधीच कळलेलं आहे. १९८३ मध्ये एमआयटीत अथीना प्रकल्प सुरू झाला. त्यातून निघालेल्या कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या यंत्रणेत माणसांइतकीच यंत्रांनाही स्वतःची नावं असतात. यंत्राची गुपितं वेगळ्या फाइलमध्ये राहतात, माणसाचा पासवर्ड उसना घ्यावा लागत नाही. २०१२ मध्ये पक्क्या झालेल्या ओऑथ या परवानगी देण्याच्या रीतीच्या दुसऱ्या आवृत्तीत तर या कामासाठी सरळ एक वाट ठेवलेली आहे. तिथं लॉगिनचं पान नाही, लपलेला रकाना नाही, जासूद नाही. प्रोग्राम स्वतःच्या नावानं चौकीवर जातो, स्वतःची किल्ली दाखवतो आणि थोड्या वेळाचं, नेमक्या कामाचं टोकन घेऊन येतो. दोन रात्री ज्या अधिकच्या चिन्हाशी मी झुंजले, ते या वाटेवर आलंही नसतं.

आमच्या पोर्टलवर ती वाट मिळवायला सात महिने लागले. पत्रं, फोन, पुन्हा पत्रं. त्या सात महिन्यांत तक्ता हातानंच भरला. काकांच्या शेजारी बसून मी आकडे वाचायचे, ते भरायचे. शेवटी सेवेच्या खात्याचा अर्ज आला. खात्याचा उद्देश काय? फक्त फीची जमा वाचणे, काहीही बदलणे नाही. मालक कोण? मी. मी नसताना कोण? हा रकाना मी बराच वेळ रिकामा ठेवला, आणि मग हिशेब विभागातल्या ताईंना विचारून त्यांचं पद घातलं. किल्ली कुठे आहे, ती दर सहा महिन्यांनी कशी बदलायची, हे एका लाल वहीत लिहून ती वही कपाटात ठेवली. कपाटाच्या किल्ल्या दोघींकडे. आजी असती तर तिला दाखवली असती.

स्क्रिप्ट नव्यानं लिहिली. आता दार दोनदा उघडलं नाही तर ती थांबते आणि माझ्या फोनवर निरोप टाकते. पुन्हा जात नाही. टोकन एका तासात मरतं. जुनी फाइल, पासवर्ड आणि बीज दोन्हींसकट, मी काकांसमोर पुसली. त्यांच्या फोनवर दुसऱ्या पायरीची नोंदणी नव्यानं करून दिली आणि या वेळी ते बीज मी पाहिलंही नाही. पडद्याकडे पाठ करून उभी राहिले.

लॉगिनच्या पानावरून जाणारी स्क्रिप्ट मी अजूनही एक ठेवली आहे. दर पंधरा मिनिटांनी ती चाचणीच्या वेगळ्या खात्यानं सगळी वाट चालून बघते, चौकी ते पोर्टल, आणि किती सेकंद लागले ते लिहून ठेवते. दार अडलं तर मुलांच्या आधी मला कळावं म्हणून. त्या खात्याला आत काहीही दिसत नाही, एक रिकामं पान सोडून. शेजारच्या एका संस्थेतल्या मुलानं मला विचारलं होतं, दुसऱ्यांच्या पोर्टलवर चित्र ओळखायची परीक्षा असते ती स्क्रिप्टनं कशी पार करायची. मी त्याला सांगितलं की त्या दारावर ‘इथं माणसानंच यावं’ अशी पाटी लावलेली आहे, तिचा मान ठेव आणि त्यांच्याकडे रीतसर वाट माग. तो नाराज झाला. मला त्याचं वाईट वाटलं, पण उत्तर बदलावंसं वाटलं नाही.

अर्जात शेवटचा रकाना खात्याच्या नावाचा होता. मी काकांकडे गेले. म्हटलं, “नाव काय ठेवायचं?” ते हातातली पावतीची गड्डी रबरात अडकवत होते. जरा वेळानं म्हणाले, “गडीच ना तो? पहाटगडी ठेव.” आणि मग कितीतरी महिन्यांनी हसले.

काका या मार्चअखेरीला निवृत्त झाले. पेढे, शाल, नारळ, फाटकापर्यंत पोरांचा घोळका. संध्याकाळी साडेपाचला त्यांच्यासमोर मी त्यांचं खातं बंद केलं. शेवटची नोंद त्यांना वाचायची होती. चष्मा न लावता, पडद्यापासून हातभर अंतरावरून त्यांनी ती वाचली: त्यांचं नाव, तारीख, बाहेर पडल्याची वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोंदवही उघडली. ०५:४०, पहाटगडी, फीची जमा वाचली, चौदा. त्याखाली साडेदहाची ओळ होती, खिडकीवर नव्यानं बसलेल्या मुलीच्या नावाची.